पायाचा फोटो

आमच्याकडे एक्स-रेला एक्स-रे म्हणणारा विरळा. 'डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितलाय,' असंच सगळे म्हणतात. तो फोटो काढणारा मी. आधी पेणला, मग रोह्याला, मिळून एकतीस वर्षं. डोक्यापासून नखापर्यंत सगळ्याचे फोटो काढले, पण सर्वांत जास्त पायांचे. भाताची लावणी, मिठागरं, गणपतीचे कारखाने, धाटावची एमआयडीसी, कुठंही जा, माणूस दिवसभर पायावर. राहिलेली कसर मिनीडोर रिक्षा आणि मोटारसायकली भरून काढतात.

आपल्यात पायाला हात लावणं म्हणजे नमस्कार. मी तर दिवसभर परक्यांचे पाय धरून वळवणार. तरणी पोरं दचकून पाय मागे घेतात. 'काका, तुम्ही नका ना हात लावू,' म्हणतात, आणि फोटो झाला की वाकून माझ्याच पाया पडतात.

एका पावलात २६ हाडं. दोन्ही पावलांची ५२, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याच्या खाली, वीतभर जागेत दाटीनं बसलेला. या दाटीत पाहताना जे कळलं, आणि चुकून जे शिकलो, ते इथं मांडतोय. मी डॉक्टर नाही. निदान त्यांचं, सावली माझी.

१. आधी पाय धुवा

पेणला नवीन होतो. फिल्म डार्करूममध्ये लाल दिव्याखाली धुवायची, हँगरला लावून वाळवायची, आणि पावसाळ्यात ती वाळता वाळायची नाही. असाच एक जुलै, कारखान्यांत गणपतीची घाई. हमरापूरकडचा एक कारागीर लंगडत आला. स्टुलावरून उतरताना पाय वाकडा पडला होता. फिल्म फिक्सरमधून काढली तर तळव्यात रव्याच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके. डॉक्टर म्हणाले, 'काच?' कारागीर म्हणाला, 'काचेवर मी पायच दिला नाही.'

तासाभरानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या टाचांच्या भेगांत शाडू वाळून बसली होती, आणि वर प्लास्टरचे शिंतोडे. प्लास्टरमध्ये कॅल्शियम, हाडातही कॅल्शियम. किरणांना दोघांचीही आडकाठी सारखीच. बादलीभर पाणी आणि काथ्याचा चोथा घेऊन मी त्याचे पाय धुतले. तो इतका संकोचला की डोळे मिटून बसला. दुसरी फिल्म स्वच्छ निघाली. पहिलीचे पैसे माझ्या पगारातून गेले.

तेव्हापासून दाराशी बादली आणि मग असतो. लावणीच्या दिवसांत तर हवाच. चिखल्या झालेल्या पायावरचा गाळ चोळून नाही, पाणी ओतून काढावा लागतो.

२. जोडवी काढायला लावण्याआधी विचार करा

धातूच्या मागचं हाड फोटोत झाकलं जातं. शिकताना हे पाठ केलेलं, त्यामुळे सुरुवातीला मी सरसकट हुकूम सोडायचो, 'जोडवी काढा.' एकदा रोह्याच्या पलीकडच्या गावातली एक आजी आली. लग्नापासून बोटातून न निघालेली जोडवी, आणि नवरा त्याच आठवड्यात दवाखान्यात पडलेला. ती रडायलाच लागली. दुखत होती तिची टाच. टाचेचा फोटो बाजूनं घेऊन फक्त टाचेपुरता काढला असता तर जोडव्यांचा संबंधच नव्हता. मी कागद नीट न वाचता म्हातारीला रडवलं.

आता दुखणं टाचेत असेल तर जोडव्यांचं नाव काढत नाही. चवड्यात किंवा बोटात असेल तर आधी कारण सांगतो, साबणाचं पाणी देतो, आणि काढलेली जोडवी तिच्याच पदराच्या गाठीत बांधायला लावतो. बोट सुजलं असेल तर मात्र ऐकायचं नाही. सूज वाढली की जोडवंच बोटाचं रक्त अडवतं. अशा वेळी ते कापूनसुद्धा काढावं लागतं.

३. 'कुठं दुखतं' ते एका बोटानं दाखवायला सांगा

गौरी आल्या की आमच्याकडे रात्री नाच रंगतात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे रांग लागते. एका ताईच्या कागदावर लिहिलं होतं, 'घोटा'. मी घोट्याचा फोटो काढला. हाडं नीट. आठ दिवसांनी ती परत आली, पाय निळा पडलेला. मी म्हटलं, 'ताई, एका बोटानं दाखवा.' तिनं बोट ठेवलं ते घोट्यावर नव्हे, पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीकडून मागे येणाऱ्या लांब हाडाच्या बुडाशी. पाचवं मेटाटार्सल. पाय आत मुरगळला की तिथं जोडलेले स्नायुबंध हाडाचा तुकडा ओढून काढतात. पहिल्या फिल्ममध्ये ती जागा मी चार बोटांनी कापली होती.

मुरगळलेल्या पायात दुखतंय कुठं हे माणसाला नीट सांगता येत नाही. हात सगळ्या घोट्यावरून फिरतो. एका बोटाची अट घातली की बरोबर जागा सापडते.

या हाडाची एक गोष्ट मला फार आवडते. लिव्हरपूलचे सर्जन रॉबर्ट जोन्स नाचता नाचता स्वतःच जायबंदी झाले. त्यांनी पायाचा एक्स-रे काढवून घेतला, आणि १९०२ साली अशा मोडीवर निबंधच लिहिला. त्या हाडाची बुडापासून जराशी पुढची मोड आजही 'जोन्स फ्रॅक्चर' म्हणून ओळखली जाते. ती बुडाच्या मोडीपेक्षा हट्टी. तिथं रक्तपुरवठा कमी, म्हणून लवकर सांधत नाही. डॉक्टर त्या दोहोंत फरक करतात तो फोटोवरच्या सेंटिमीटरभर अंतरावरून. म्हणून फोटो एकाच बाजूनं काढून भागत नाही. वरून, तिरका आणि बाजूनं, असे तीन काढावेत. एका फोटोत हाडं एकमेकांमागे लपतात.

४. मागितला म्हणून फोटो काढू नये

'पैसे देतो ना, काढा की एक फोटो,' असं म्हणणारे रोज भेटतात. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम बसवले. पाऊल मुरगळलं असेल, पण करंगळीच्या हाडाचं बूड दाबून दुखत नसेल, कमानीच्या वरचं नावेसारखं हाड दुखत नसेल, आणि माणूस चार पावलं चालू शकत असेल, तर पावलाचा फोटो बहुधा लागत नाही. घोट्यासाठीही असेच नियम आहेत. अर्थात ठरवायचं डॉक्टरांनी.

पायाच्या फोटोतला किरणांचा मारा अगदी किरकोळ, निसर्गातून काही तासांत मिळतो तेवढाच. तरी फुकटचा घेऊ नये. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकापासून चपलाबुटांच्या दुकानांत एक्स-रेची पेटी असायची. बूट घालून पाय आत सरकवायचा आणि बोटं बुटात मावतात का ते वरून बघायचं. पोरांना तर ती गंमतच. पुढे तिचा धोका कळला आणि पेट्या बंद झाल्या.

५. प्रत्येक रेघ म्हणजे मोड नव्हे

सातवीतल्या एका मुलीचा फोटो काढला. पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी बारीक काळी रेघ. बाप शेजारीच उभा. शहाणपणा करून मी बोलून गेलो, 'मोडलंय.' तो पोरीला उचलूनच डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर हसले. वाढत्या वयात त्या टोकाला हाडाचा वेगळा तुकडा असतो, तो पुढे आपोआप जुळतो. त्याची रेघ हाडाच्या लांबीला समांतर जाते, मोडीची रेघ आडवी.

मोठ्यांच्या पायातही जादा हाडं असतात. घोट्याच्या मागे एखादा गोल तुकडा, कमानीच्या आतल्या बाजूला एखादा. जन्मजात असतात, बहुतेकांना त्रास देत नाहीत. त्यांच्या कडा गुळगुळीत, ताज्या मोडीच्या कडा खरखरीत. शंका आली तर डॉक्टर दुसऱ्या पायाचाही फोटो मागतात. दोन्हीकडे सारखंच असेल तर घाबरायचं कारण नसतं.

त्या बापानं संध्याकाळी येऊन मला सुनावलं, आणि ते योग्यच होतं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी एवढंच म्हणतो, 'फोटो चांगला आलाय, डॉक्टर सांगतील.'

६. काट्याचा फोटो निघत नाही

वाडीवरचा एक कातकरी दादा तीनदा आला. पाय सुजलेला, तळव्यात भोक. तिन्ही वेळा फोटो स्वच्छ. तो म्हणे, 'काटा हाय आत, मला ठाव हाय.' आम्ही फोटो दाखवून त्यालाच समजावत होतो. शेवटी कुणीतरी सोनोग्राफीचा प्रोब तळव्यावर ठेवला. बाभळीचा काटा, पेराएवढा.

काटा, चोय, लाकडाची कुसळं यांची घनता मांसासारखीच, म्हणून किरणं आरपार जातात. काच मात्र दिसते, पांढरी असो की रंगीत. खिळा आणि सुई तर ठळक. लाकडाचं काही रुतल्याचा संशय असेल तर सोनोग्राफी करावी. आणि अनवाणी चालणाऱ्या माणसाला आपल्या पायाची जी खबर असते ती आधी ऐकावी. आम्ही ती तिसऱ्या खेपेला ऐकली.

याच्या उलटही होतं. टाच दुखते म्हणून फोटो काढावा तर टाचेखाली हाडाची चोच वाढलेली. 'हाड वाढलंय,' म्हणून माणूस हबकतो. पण अशी चोच टाच मुळीच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या फोटोत सापडते. दुखतो तो बहुतेकदा तळव्याचा जाड पट्टा. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्याच पावलाला कळ आली तर त्याचंच नाव घ्यावं. तो साध्या फोटोत दिसत नाही.

७. आज दिसलं नाही, तर तीन आठवड्यांनी दिसेल

पोलीस भरती निघाली की गावोगावची पोरं मैदानावर उतरतात. सोळाशे मीटर धावायचं असतं. वर्षभर बसून असलेला मुलगा एकदम महिनाभर रोज पळतो, आणि चवड्यात दुखू लागतं. फोटो काढावा तर काहीच नाही. त्याला वाटतं आपण नाटकी ठरलो. दुखणं अंगावर काढून तो पळत राहतो. तीन आठवड्यांनी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मेटाटार्सलभोवती पांढुरक्या ढगासारखं नवं हाड दिसतं. मोड आधीपासूनच होती, केसासारखी बारीक. दिसला तो सांधायला आलेला गिलावा.

प्रशियाच्या फौजेतल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं १८५५ मध्येच लांब कूच करणाऱ्या शिपायांचे सुजलेले पाय नोंदवले होते. ती सूज हाड मोडल्यामुळे होती हे कळायला १८९७ उजाडलं, कारण दरम्यान एक्स-रे आले. आता एमआरआय आहे. हाडाच्या आतली सूज त्यात आधीच दिसते. पण तो खर्चिक, आणि त्यासाठी आमच्याकडून पनवेल गाठावं लागतं.

याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. दोन महिनेही उलटले नाहीत तोच, ८ नोव्हेंबरला, जर्मनीत वुर्झबर्गला राँटगेनना हे किरण सापडले. विनोबा १९५१ ते १९६४ देशभर पायी हिंडले. भरतीच्या पोरांना मी हे सांगतो. हाडाला चालण्याचं वावडं नाही, त्याला घाई सोसत नाही. रोज थोडं वाढवत नेलं तर ते स्वतःच घट्ट होत जातं.

८. दुखत नाही, त्या पायाला आधी घ्या

रांगेत कण्हणारा पुढे सरकतो. मी मात्र गप्प बसलेल्याकडे बघायला शिकलो. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका, मधुमेह पंधरा वर्षांचा. 'पाय जरा सुजलाय, दुखत वगैरे नाही.' फोटोत अंगठ्याच्या मुळाशी शिवणाची अर्धी सुई. कधी रुतली, पत्ता नाही. रक्तवाहिन्याही पांढऱ्या, आगगाडीच्या दोन रुळांसारख्या. त्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठला की त्या अशा दिसतात.

याहून वाईट ते शार्को पाऊल. पाय गरम, लाल, सुजलेला, आणि दुखणं नाहीच किंवा जेमतेम. माणूस चालत राहतो आणि आत कमानीची हाडं चुरत जातात. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये असे सांधे गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रोग्यांत वर्णन केले होते. आज ते जास्त दिसतात मधुमेहात. सुरुवातीच्या फोटोत काही सापडत नाही, म्हणून फोटो स्वच्छ आला तरी मधुमेह्यानं गरम पाय घेऊन घरी जाऊ नये, डॉक्टरांना पुन्हा दाखवावा. आणि रोज रात्री आरसा धरून तळवे बघावेत. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवावा. सुईला तेवढंच पुरे.

९. टाच फुटली की पाठीला विचारा

मे महिना संपत आला की लोक छपरावर चढतात, कौलं परतायला. माडावर, आंब्यावर तर चढतातच. पाय सटकला की माणूस उभाच्या उभा टाचेवर येतो. टाचेचं हाड बाहेरून पातळ कवच, आतून जाळी. ते बसतं. बाजूच्या फोटोत व्हिएन्नाच्या लोरेन्झ ब्योहलर यांनी सांगितलेला कोन डॉक्टर मोजतात. साधारण २० ते ४० अंश हवा. हाड चेपलं की तो उतरतो, कधी शून्याच्याही खाली. तुकडे किती, सांध्यात कुठवर, हे मात्र साध्या फोटोत कळत नाही. सीटी स्कॅन हाडाच्या काकडीसारख्या चकत्या करून दाखवतो.

टाचेवर आलेला धक्का वर चढतो. म्हणून मी हमखास विचारतो, 'पाठ दुखते का?' टाचेच्या कळेपुढे माणूस पाठीचं विसरतो. एकानं असंच 'थोडी दुखते' म्हटलं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी कंबरेचा फोटो मागवला, आणि मणका चेपलेला निघाला.

१०. बाळाच्या पायातल्या रिकाम्या जागांना घाबरू नका

तान्ह्या बाळाचा पाय फोटोत पाहिला की आई-बाप हादरतात. मधे हाडंच नाहीत! हाडं आहेत, पण अजून कूर्चेची, आणि कूर्चा फोटोत उमटत नाही. जन्मताना पावलाच्या मागच्या भागात टाच आणि तिच्यावरचं हाड एवढंच ठळक दिसतं. कमानीवरचं नावेसारखं हाड तर दिसायला लागतं तिसऱ्या वर्षाच्या आसपास. वयाप्रमाणे एकेक हाड हजेरी लावत जातं.

म्हणूनच जन्मतः आत वळलेल्या पावलांसाठी फोटोची फारशी गरज नसते. डॉक्टर हातानंच ओळखतात. अशी एक लेकुरवाळी आली होती. सासूचं पालुपद एकच, 'गिरान पाळलं नाही हिनं.' डॉक्टर म्हणाले, 'आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही, आणि हे बरं होतं.' आयोवाच्या इग्नासिओ पोन्सेती यांची पद्धत: आठवड्याला एक, असे पाच-सहा प्लास्टर, बहुतेकदा टाचेच्या शिरेला छोटासा छेद, आणि मग रात्री घालायचे पट्टीनं जोडलेले बूट, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. ते बूट कंटाळून सोडले की पाय पुन्हा वळतो. त्या पोराचे सुटले नाहीत. आता तो शाळेला पायी जातो.

११. वजन टाका

गौरीची पावलं काढताना बायका मूठ वळून तिची कड पिठात बुडवतात, जमिनीवर टेकवतात आणि वर बोटांचे पाच ठिपके देतात. मुठीच्या ठशाची कंबर आपोआप बारीक येते. तीच कमान. ओला पाय लादीवर ठेवला तरी तेच दिसतं, आणि कंबर भरून ठसा आला तर पाय सपाट. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ मध्ये २,३०० मुलांचे असे ठसेच तपासले. पायताण वापरणाऱ्यांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी वाढलेल्यांत २.८. लहान मूल घरात अनवाणी हिंडतंय म्हणून ओरडणाऱ्या आयांना मी हे ऐकवतो.

ठशात जे आहे ते आमच्या टेबलावर हरवतं. झोपवून काढलेल्या फोटोत पाय निवांत असतो. कमान उभी, सांधे जागच्या जागी. लिस्फ्रां नावाच्या फ्रेंच सर्जनच्या नावानं ओळखला जाणारा पावलाच्या मधला सांधा निसटला, तर निजून काढलेल्या फोटोत तो चक्क शहाण्यासारखा वागतो. उभं केलं की हाडांमधली फट उघडते. म्हणून डॉक्टर जिथं परवानगी देतील तिथं उभ्यानं फोटो काढायचा. त्यासाठी मूर्तींचे पाट करणाऱ्या सुताराकडून मी कॅसेट सरकवायची खाच असलेली लाकडी पायरी करून घेतली. तरी लोक फसवतात. दुखऱ्या पायावर टेकल्यासारखं करतात आणि भार सगळा चांगल्या पायावर. मग मला ओरडावं लागतं, 'वजन टाका, पूर्ण टाका.' किती वर्षं हे ओरडलो त्याची गणती नाही.

मागच्या वर्षी माझाच पाय दुखायला लागला. अंगठ्याच्या मुळाशी गाठ, चप्पल लागायला लागली. माझ्याच जागी आता एक मुलगी काम करते, शिकलेली, डिजिटल मशिनवर. डार्करूम तिनं बघितलेलीही नाही. मी पायरीवर चढलो. तिनं वाकून माझा पाय धरला तसा मी दचकून मागे घेतला. ती हसली. म्हणाली, 'काका, पाय धुतलेत का? आणि भार उजव्यावर घेताय, मला दिसतंय. वजन टाका.'